हाताखालची

डॉक्टरच्या पत्राला बाइंडरने उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन इतके दिवस झाले होते, की पाकिटावर चहाच्या कपाचं एक वर्तुळ उमटून वाळलं होतं आणि त्याच्यावर दुसरं उमटलं होतं. प्रयत्न केला नव्हता असं नाही. कापणीतून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर त्याने कितीदा तरी 'चि. छोट्यास अनेक आशीर्वाद' एवढं लिहिलं होतं, आणि तिथेच गाडी अडली होती. आशीर्वाद देऊन झाल्यावर पुढे काय द्यायचं, हे त्याला सुचत नसे. मग तो त्या पट्टीची घडी घालायचा, समोरच्या एखाद्या पुस्तकात खूण म्हणून ठेवायचा आणि खळ ढवळायला घ्यायचा.

छोट्या म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. शहरातला नावाजलेला सर्जन, आता निवृत्त. निवृत्त झालेल्या मोठ्या माणसाला जे होतं, तेच त्याला झालं होतं: त्याने आत्मचरित्र लिहिलं होतं. पत्र मोठं गोड होतं.

'दादा, पुस्तकाचं नाव "साधा कारागीर" ठेवलंय. छापील ताव सोबत पाठवतोय. खास पाहुण्यांसाठी काही प्रती कातडी बांधणीत हव्यात, आणि त्या तुझ्याच हातच्या. आधी एक नमुना करून ठेव. शिवाय सुरुवातीला तुझ्या दोन ओळी हव्यात. तू मोठा भाऊ, तू सगळं पाहिलं आहेस. दुकानातल्या त्या स्टुलावर बाबांशेजारी बसून मी फर्मे शिवायचो, तिथेच माझ्या हाताला टाका समजला, असं काहीतरी. तुझ्या साध्या भाषेत लिही. शुद्धलेखन आमच्याकडे बघतील.'

शेवटच्या वाक्यापाशी बाइंडर बराच वेळ थांबला होता. आयुष्यभर त्याने लोकांची पुस्तकं बांधली होती, आणि बांधण्याआधी बहुतेक सगळी वाचलीही होती. डॉक्टरने औषधांच्या जाहिराती आणि स्वतःची भाषणं यांपलीकडे काही वाचल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण बाइंडरचा स्वभाव असा, की त्याने गुपचूप कोश काढला आणि 'आशीर्वाद'मधली वेलांटी तपासली. बरोबर होती. तरीही त्याला खात्री वाटेना.

खरी अडचण वेलांटीची नव्हतीच. अडचण अशी होती, की डॉक्टर त्या स्टुलावर कधी बसलेलाच नव्हता. त्यावर बसायची अक्का, दोघांची थोरली बहीण. आणि ती अजूनही बसत होती.

बाबांच्या तोंडी 'कारागीर' हा शब्द शिवीच्या शेजारी राहायचा. कारागीर म्हणजे पगारी माणूस: खळीत पाणी वाढवणारा, ऐन गर्दीत पोट दुखणारा, आज आहे आणि उद्या नाही असा. आईच्या तोंडी त्याहून वाईट. काही सांडलं, फुटलं, करपलं की ती विचारायची, "ही कुणाची कारागिरी?" अशाच एका कारागिराने शाळेच्या पुस्तकांच्या हंगामात दांडी मारली ती कायमची. बाबांनी अक्काला शाळेतून घरी ठेवलं. "चार दिवस बस," म्हणाले. ते चार दिवस अजून संपायचे होते. मधल्या काळात अक्काचं लग्न झालं, नवरा गेला, मुलगा मोठा झाला, सून आली. आणि जेवणानंतरची झाकपाक करून अक्का पुन्हा त्याच स्टुलावर. ती फर्मे शिवायची. फर्मा म्हणजे मोठा छापील ताव घड्या घालून केलेली पानांची जुडी. अशा जुड्या एकावर एक ठेवून एकाच दोऱ्यात शिवत गेलं की पुस्तक उभं राहतं. तेव्हा बाबा पुठ्ठे चढवायचे. बाइंडर पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकायचा. डॉक्टर आतल्या खोलीत दार लावून अभ्यास करायचा, आणि मधूनच दार उघडून ओरडायचा, "तो हातोडा थांबवा!"

हातोडा थांबायचा. शिवण थांबायची नाही, कारण तिचा आवाज होत नसे.

एकदा कॉलेजातला कुणी मित्र डॉक्टरला शोधत थेट दुकानात आला. डॉक्टरचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्याला चोरीच्या मालासकट धरलं होतं. मित्राला त्याने सांगून ठेवलं होतं की वडील 'प्रकाशनाच्या धंद्यात' आहेत. मित्राने बाइंडरकडे बोट केलं. "हे कोण?"

"हा आमच्याकडचा कारागीर," डॉक्टर म्हणाला.

"आणि ह्या?"

डॉक्टर क्षणभर अडला. अक्कासाठी त्याच्याकडे शब्दच नव्हता. "त्या... हाताखाली असतात," म्हणाला, आणि मित्राला खांद्याला धरून बाहेर घेऊन गेला.

पुढे डॉक्टर मोठा झाला आणि तोच शब्द त्याला आवडायला लागला. सत्काराच्या प्रत्येक सभेत तो दोन्ही हात पुढे करून म्हणायचा, "मी कसला मोठा? मी तर एक साधा कारागीर!" लोक टाळ्यांचा कडकडाट करायचे. कारागिराच्या हाताला अत्तर लावलेलं असतं तेव्हाच लोक त्याला टाळ्या देतात, असं शेवटच्या रांगेत बसलेल्या बाइंडरला वाटायचं. मग लगेच असंही वाटायचं, की आपल्या मनात खोट आहे म्हणून आपल्याला असं वाटतं. तो आपले हात खिशात घालून ठेवायचा. नखांत खळ असायची.

आता एवढं सगळं स्वच्छ आठवत असताना माणसाने दोन ओळी लिहून मोकळं व्हावं, की नाही? पण बाइंडरला एक रोग होता. छापलेल्यावर त्याचा विश्वास बसायचा. त्याने डॉक्टरचं ते स्टुलावरचं प्रकरण वाचलं तेव्हा पहिल्यांदा संताप आला, दुसऱ्यांदा शंका आली, आणि तिसऱ्यांदा वाचताना त्याला स्टुलावर बसलेला लहानगा डॉक्टर चक्क दिसायला लागला. बसलाही असेल एखादे दिवशी. अक्काला ताप आला असेल. आपलंच लक्ष नसेल. एवढा शिकलेला माणूस, एवढं बारीकसारीक लिहितोय, तो काय उगाच? त्याने तावांचा गठ्ठा फळीवर ठेवला, वर वजन ठेवलं, आणि वजनाखाली पत्र.

आणि मग जे झालं ते फक्त बाइंडरच्याच दुकानात होऊ शकतं. सुटे ताव पाहिले की अक्काचा हात स्वस्थ बसत नसे. बाइंडर छापखान्यात गेला होता. अक्काने फळीवरचा गठ्ठा काढला, पत्र बाजूला ठेवलं, हाडाच्या पट्टीने घड्या पाडल्या आणि शिवायला घेतलं. कुणाचं पुस्तक, कशाचं, हे तिने कधीच पाहिलं नव्हतं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर तर पाहूनही उपयोग नव्हता. ती बोटांनी घडी चाचपायची आणि सुई बरोबर जागेवर जायची.

बाइंडर परत आला, तेव्हा तिसरा फर्मा चढत होता. नेमकं तेच प्रकरण. तो दारातच उभा राहिला. 'अक्का, ते शिवू नकोस' हे चार शब्द त्याच्या घशापर्यंत आले. मग त्याला वाटलं, कारण विचारेल. कारण सांगायचं तर वाचून दाखवावं लागेल. वाचून दाखवलं तर ती चिडेल. उद्या सांगू. तो खळीच्या पातेल्याकडे वळला. अक्का त्याला लहानपणापासून 'घुम्या' म्हणायची, ते काही उगाच नाही.

पुस्तक शिवून झालं, दाबात ठेवून झालं, आणि उद्या काही उजाडला नाही. उजाडल्या त्या संपादिकाबाई.

त्या डॉक्टरच्या प्रकाशकाकडून आल्या होत्या आणि दारातून आत आल्या त्या वास घेतच. "आहाहा! हा खळीचा वास! किती अस्सल!" त्यांच्यामागून फोटोग्राफर आला. त्याने नाकाला रुमाल लावला होता. बहुधा त्याला अस्सलाची सवय नव्हती.

"काका, तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. अगदी नेहमीसारखे राहा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याला खिडकीकडे वळवलं, बाह्या दुमडायला लावल्या, चष्मा काढायला लावला. चष्मा नसला की बाइंडरला स्वतःचे हातही धूसर दिसत. एका परीने ते बरंच झालं.

"आम्हाला फक्त हात हवेत," बाई म्हणाल्या. "भावाचे हात. एका पानावर डॉक्टरांचे, समोरच्या पानावर तुमचे. एक कारागीर ऑपरेशन थिएटरमधला, एक दुकानातला. पण नखं फार स्वच्छ आहेत हो तुमची!"

"आत्ताच धुतली," बाइंडर म्हणाला. पाहुणे येणार म्हणून त्याने ती साबण लावून घासली होती.

"तेच नको होतं ना! जरा खळीत बुडवता का हात? मनगटापर्यंत. कारागिराचे हात कसे, बोलके हवेत."

"बोलायला तोंड आहे की त्याला," अक्का स्टुलावरून म्हणाली. "वापरत नाही, ही गोष्ट वेगळी."

बाई हसल्या. आजीबाई गमतीदार आहेत, अशा अर्थाचं ते हसणं होतं. बाइंडरने हात खळीत बुडवले. जन्मात कधी कुणी बाइंडर मनगटापर्यंत खळीत हात घालत नाही. तो हलवाई नव्हता. पण त्याने घातले आणि ते ठिबकणारे हात समोर धरून उभा राहिला, आणि फोटोग्राफर म्हणाला, "वा, आता खरे वाटतात."

तेवढ्यात बाईंना दाबाखालचं पुस्तक दिसलं. त्यांनी ते ओढून काढलं. "अय्या! हे तर शिवूनसुद्धा झालं! म्हणजे तुमचा होकार आहेच. डॉक्टर म्हणालेच होते हो, दादा पत्राला उत्तर द्यायचा नाही, त्याचे हातच उत्तर देतील. काय सुंदर शिवण आहे! खाली छापू आम्ही, ज्येष्ठ बंधूंच्या हातची शिवण."

ही शिवण माझी नाही, एवढं सांगायचं होतं. बाइंडरने तोंड उघडलं. खळ मनगटावरून कोपराकडे ओघळायला लागली, ती पुसावी की बोलावं, या विचारात तोंड मिटलं.

"आणि ते स्टूल!" बाई आता रंगात आल्या होत्या. "आजी, जरा उठता का? स्टुलाचा फोटो घ्यायचाय. डॉक्टरांचं स्टूल!"

"कुणाचं?" अक्काने विचारलं.

"डॉक्टरांचं हो. लहानपणी ते इथेच बसून फर्मे शिवायचे ना. सगळं प्रकरण आहे त्यावर. तुम्हाला माहीत नाही? तुम्ही इथे..."

"मी हाताखाली असते," अक्का म्हणाली.

ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. फोटोग्राफरने रुमालाने स्टूल पुसलं, तशा बाई ओरडल्या, "पुसू नका, धूळ असू द्या!" धूळ नव्हतीच. रोज कुणी बसत असलेल्या स्टुलावर धूळ कुठून असणार? मग फोटोग्राफरने जमिनीवरचं कातरण उचलून त्यावर भुरभुरवलं.

अक्का बाइंडरकडे पाहत होती. तिला तो नीट दिसत नसणार, पण पाहत होती. "काय रे घुम्या? बसायचा का तो?"

"असेल," बाइंडर म्हणाला. "म्हणजे... कधीतरी... असेल."

फोटो निघाला. बाईंनी 'फार छान वाटलं इथे येऊन' असं सांगितलं, पुस्तक पुठ्ठा चढवून लवकर पाठवायला सांगितलं, आणि दोघं गेली. बाइंडर हात धुवायला लागला. खळ वाळली की निघता निघत नाही.

"असेल?" अक्का म्हणाली.

बाइंडरने पाण्याची धार मोठी केली.

"नळ बंद कर. कान आहेत मला अजून. असेल म्हणजे काय?"

"मला खात्री नव्हती, अक्का."

"कशाची? मी होते याची?"

"तसं नाही. ते छापलंय. मला वाटलं, मीच विसरलो असेन."

"छापलंय!" अक्काने दोन्ही हात कपाळाला लावले. "अरे, कालनिर्णय सांगतो तसं सांगतोयस. उद्या कुणी छापलं की तू मुलगी होतास, तर परकर नेसशील का? वाच. काय लिहिलंय ते वाच मला."

त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. डॉक्टरने लिहिलं होतं, की बाबा त्याच्या चिमुकल्या हातात सुई देऊन म्हणाले, बाळ, टाका घालताना घाई करू नये. अक्का फिस्सकन हसली. "बाबा? बाळ? बाबांनी जन्मात कुणाला बाळ म्हटलं का रे? आपल्याला तर गाढवापलीकडे नाव नव्हतं." पुढे लिहिलं होतं, की शिवून शिवून अंगठ्याला पडलेला घट्टा डॉक्टर आजही अभिमानाने मिरवतो. अक्काने आपली करंगळी पुढे केली. तिच्या पेरापाशी दोरा ओढून ओढून पडलेली खाच होती, खोल, जुन्या अंगठीची असावी तशी. "दोरा इथे ओढतात. अंगठ्याला घट्टा सह्या करून पडला असेल त्याच्या."

मग ते वाक्य आलं. बाइंडरने ते टाळून पुढे जायचा प्रयत्न केला, पण वाचून वाचून मुरलेल्या माणसाला वाक्य टाळता येत नाही, जीभ अडखळते.

"काय गाळलंस?"

"'काम रंगात आलं, की आमची थोरली बहीण स्वयंपाकघरातून प्रेमाने चहा घेऊन यायची.'"

अक्का या वेळी हसली नाही.

"चहा मागायला तो दाराशी यायचा," ती म्हणाली. "आणि माझ्या हातात सुई असली की पाय आपटत परत जायचा. आईला हाक मारायचा." तिने हात पुढे करून पुस्तक चाचपलं. पाठीवरून बोट फिरवलं, गाठीवरून गाठीवर. "हे मी शिवलं. हेच ना ते?"

"हो."

"मी शिवत होते तेव्हा तू दारात उभा होतास. सावली आली होती तुझी. तेव्हा तू हे वाचलेलं होतंस?"

"हो."

"बरं," अक्का म्हणाली. तिने खुंटीवरची पिशवी काढली. "छोट्याचं मला काही नाही. तो लहानपणापासूनच तसला. पण तू, घुम्या, माझ्या समोर उभा राहून माझ्याच हाताने मला उठवलंस. उद्यापासून मी यायची नाही. त्याला बसव स्टुलावर."

आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. बाइंडरने एक शाळेचं काम शिवायला घेतलं. दोरा ताणला की कागद फाटत होता, सोडला की जुड्या ढिल्या पडत होत्या. छापखान्याच्या मॅनेजरने ते हातात घेतलं आणि विचारलं, "कारागीर बदललात वाटतं?" बाइंडर 'हो' म्हणाला.

डॉक्टरचा फोन आला तो फोटो पाहून. आवाज खुशीत होता. "दादा, काय हात आलेत तुझे! खळ कशी ओघळतेय! मी तर सगळ्यांना दाखवतोय. आता फक्त त्या दोन ओळी."

"छोट्या," बाइंडर म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, की पुढचं वाक्यही आलं. "स्टुलावर अक्का बसायची."

पलीकडे डॉक्टर हसला. समजूतदारपणे, पेशंटशी हसावं तसं. "अरे, ते का मला माहीत नाही? पण वाचकाला एकच चेहरा लागतो. मधेच बहीण आणली, की माझा हात कुठून आला, ही सगळी गोष्ट ढिली पडते. आणि अभ्यास नसता, तर मी बसलोच असतो की नाही? मनाने तिथेच होतो मी. हे आत्मचरित्र आहे दादा, कोर्टातली साक्ष नाही. शेवटी आपण तिघंही कारागीरच. अक्काला वाईट वाटलं असेल, तर एक प्रत तिला सही करून देतो. दिसत नाही ना तिला आता? मग ठळक सही करतो."

"बरं," बाइंडर म्हणाला आणि फोन ठेवला.

हे 'बरं' तो आयुष्यभर म्हणत आला होता. ऐकणारा त्याचा अर्थ होकार असा घेई, आणि तो तसाच असे. पण या वेळी फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली. आणि आश्चर्य म्हणजे त्यापेक्षा जास्त किळस डॉक्टरची आली. साठ वर्षं तो समजत होता, की भावाला जे जमतं ते आपल्याला समजत नाही. आता त्याला दिसलं, की समजण्यासारखं तिथे काही नव्हतंच. भला मोठा गालिचा घातलेली रिकामी खोली होती ती, आणि आपण इतकी वर्षं दाराबाहेर चपला काढून उभे होतो.

त्याने पुस्तक दाबातून काढलं. सुरीने दोरे सपासप कापले असते तर क्षणात काम झालं असतं, पण अक्काची शिवण सुरीने कापायला हात धजेना. शेवटच्या फर्म्याची शेवटची गाठ त्याने टोच्याने सैल केली आणि दोरा उलटा काढायला लागला, एकेका भोकातून. अक्काची गाठ म्हणजे गाठ. नखं दुखली. मधेच गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने "नंतर या" असं चक्क मोठ्याने सांगितलं. गिऱ्हाईक घाबरून गेलं. तिसरा फर्मा सुटा झाला, दुसरा झाला, पहिला झाला. दोरा नागमोडी होऊन टेबलावर पडला. समोर पुन्हा नुसते कागद होते, घड्या पडलेले आणि भोकं पडलेले. त्यांना आता कुणीही पुस्तक म्हटलं नसतं.

मग त्याने पट्टी न घेता अख्खा कागद घेतला आणि लिहिलं.

'छोट्या,

तुझे ताव परत पाठवत आहे. अक्काने ते शिवले होते, कशाचे आहेत हे न पाहता. तुझी कॉलेजची पुस्तकंही तिने तशीच शिवली. मी ते उसवले आहेत. घडीत भोकं राहिली आहेत, त्याला इलाज नाही.

दुकानातल्या स्टुलावर अक्का बसायची. तू आतल्या खोलीत असायचास. मी हे पाहिलं आहे. माझ्या दोन ओळी हव्या असतील तर याच छाप. नको असतील तर माझं नाव, माझे हात आणि ते स्टूल यांतलं काहीही पुस्तकात नको. प्रती दुसऱ्या कुणाकडून बांधून घे.

दादा'

हे घेऊन तो थेट पोस्टात जाऊ शकला असता. पण पाय अक्काच्या घराकडे वळले. सुनेने दार उघडलं. अक्का खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. दाणे ताटात न पाहता पडत होते.

"कोण, घुम्या? बस. खुर्ची आहे का रिकामी, की तिथेही कुणी डॉक्टर बसायचा?"

तो उभाच राहिला आणि त्याने पत्र वाचून दाखवलं. या वेळी जीभ अडखळली नाही. अक्का दाणे सोलत होती.

"'इलाज नाही' ते काढ," ती म्हणाली. "रडतोस कशाला? भोकं राहिली आहेत, एवढंच ठेव. त्याची त्याला दिसू देत."

त्याने खोडलं.

"आणि अक्का म्हणजे कोण? वाचणाऱ्याला काय कळणार? घरोघर अक्का असते. मला नाव आहे."

बाइंडरने पेन काढलं. 'अक्का' खोडून त्याने तिचं पूर्ण नाव लिहिलं, दोन्ही ठिकाणी. सोनेरी अक्षरं ठोकताना तो जसा ओळीचा तोल बघायचा, तसा बघून.

"पुढे काही लिहू का?" त्याने चाचरत विचारलं. "नावापुढे? कारागीर, असं?"

"काही नको," अक्का म्हणाली. "तो शब्द त्यालाच राहू दे. त्याच्याकडे दुसरं आहे काय?" तिने एक शेंग बोटाने फोडली. "जा. पोस्ट बंद होईल. आणि येताना इकडे येऊ नकोस, दुकान उघडं टाकून आला असशील."

पोस्टात रांग होती. बाइंडरच्या पुढचा माणूस तिकिटाला जीभ लावून चव घेत होता. खिडकीतल्या कारकुनाने गठ्ठा हातात तोलला.

"आत काय?"

"पत्र," बाइंडर म्हणाला. "आणि छापील कागद."

"महत्त्वाचे?"

बाइंडरने विचार केला. "पत्र," म्हणाला.

कारकुनाने गठ्ठ्यावर शिक्का मारला आणि तो मान न वळवता मागच्या ढिगावर फेकला.